काडू जिवंत हवा

१४ जून

रात्रभर पाऊस लागून राहिला आणि सकाळी अंगणभर गांडुळं. कोकणात यांना काडू म्हणतात. गांडुळाला फुप्फुसं नाहीत, ओल्या कातडीतूनच ते श्वास घेतं. मासे धरायच्या गळाला लावेपर्यंत जगवायचं, तर ती कातडी सुकू द्यायची नाही आणि पाण्यात बुडवूनही ठेवायची नाही.

खणायला उकिरड्याची कड उत्तम, नाहीतर केळीचं बुड. फावड्याने निम्मी तुटतात. एकाचे दोन तुकडे झाले की दोन गांडुळं होतात हा समज खोटा आहे. शेपटीकडचा तुकडा बहुतेक मरतोच. खुरप्याने ढेकूळ उलथावं आणि हाताने फोडावं. अर्धं बिळात असलेलं ओढू नये. अंगावरचे बारीक ताठ केस मातीत रोवून ते घट्ट बसतं, जोर लावला की तुटतं. चिमटीत नुसतं धरून ठेवावं. पकड सैल झाली की अलगद बाहेर येतं.

डब्यात त्याच जागची माती, वर ओला पाचोळा, झाकणाला भोकं. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पाणी निथळू नये. डबा सावलीतच हवा. एखादं मेलेलं आत राहिलं तर ते सडून बाकीचीही जातात, म्हणून वास आला की सगळी ओतून निवडावीत.

बोटांतून निसटतं म्हणून कुणी राख लावतं. राखेने कातडी पोळते; कोरडी माती बरी. ८ ते १० नंबरच्या गळात दोन-तीन ठिकाणी ओवावं आणि शेपटी अर्धं पेरभर मोकळी वळवळू द्यावी. जास्त सोडली की बारके मासे टोकरून नेतात आणि गळ कोराच वर येतो. पाण्यात फिकं, ढिलं पडलेलं गांडूळ लगेच बदलावं.

ओढा गढूळ असताना मासा वासावर येतो, म्हणून या दिवसांत कणकेच्या गोळीपेक्षा गांडूळ सरस. वाम हवी तर गळ तळाला टेकलेला असावा. वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढणारे, अंड्यांनी पोट फुगलेले मासे लागले तर मात्र सोडून द्यावेत, पुढच्या वर्षीचा ओढा त्यांच्याच पोटात आहे.

उरलेली शेतातली गांडुळं खणली तिथेच परत. गांडूळखतातली परदेशी जात वापरली असेल तर ती खताच्या खड्ड्यातच टाकावी, रानात नाही. अमेरिकेत मिनेसोटाच्या जंगलांत हिमयुगानंतर गांडुळं नव्हतीच. बाहेरून आलेली तिथे पसरली, त्यात गळ टाकणाऱ्यांनी उरलेली ओतलेलीही होती. या गांडुळांनी जमिनीवरचा पाचोळ्याचा थर खाऊन संपवला आणि त्यावर जगणारी रोपं गेली.