चालत्या कर्नलला लाइव्ह पॅचिंगची सोय करताना: माझा अनुभव

आमच्या सर्व्हरांवरचं लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आम्ही स्वतः बिल्ड करतो. 5.10 ही लाँग टर्म मालिका, तिच्यावर आमचे मोजके पॅच, आणि स्टोरेज कार्डासाठी एका पुरवठादाराचा ड्रायव्हर. सुरक्षेची दुरुस्ती आली की नवं कर्नल तयार व्हायला वेळ लागत नसे. सगळं अडायचं ते रीबूटपाशी. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर हलवा, कॅश पुन्हा भरेपर्यंत थांबा, प्रत्येक टीमकडून मेंटेनन्सची वेळ मागून घ्या. गंभीर त्रुटी जाहीर झाल्यावरही बरीच मशीन जुन्याच कर्नलवर चालत राहायची. शेवटी लाइव्ह पॅचिंग, म्हणजे रीबूट न करता चालत्या कर्नलमध्येच दुरुस्ती बसवण्याची सोय, आणायचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

कर्नलच्या कॉन्फिगमध्ये (बिल्डच्या पर्यायांच्या यादीत) लाइव्हपॅचचा पर्याय शोधायला गेलो तर तो दिसेचना. त्याला डायनॅमिक एफट्रेस (कर्नलमधल्या फंक्शनांचे कॉल मध्येच पकडण्याची सोय) लागतं, सगळ्या सिंबॉलची (फंक्शन, व्हेरिएबल यांच्या नावांची) यादी कर्नलमध्ये असावी लागते, आणि न वापरलेले एक्स्पोर्ट सिंबॉल छाटण्याचा पर्याय बंद असावा लागतो. आकार कमी ठेवण्यासाठी आम्ही नेमकं याच्या उलट करून ठेवलं होतं. ते बदलायचं म्हटल्यावर पहिला आक्षेप आला: एफट्रेस चालू केलं तर प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी काहीतरी बसणार, मग वेगाचं काय?

यावर वाद घालण्यापेक्षा मी डिसअसेंब्लीच (मशीन कोडचं वाचता येणारं रूप) उघडून दाखवली. कंपायलर प्रत्येक फंक्शनची पहिली सूचना म्हणून एफएन्ट्री या एफट्रेससाठीच्या फंक्शनला एक कॉल घालतो. एक्स86-64 वर तो पाच बाइटचा असतो. बूट होताना कर्नल हे सगळे कॉल पुसून त्या जागी पाच बाइटचा एकच नॉप लिहितं. म्हणजे पॅच नसताना किंमत एवढीच: काहीही न करणारी एक सूचना. पॅच लागला की त्या एका फंक्शनपुरता नॉपचा पुन्हा कॉल होतो. तोही एका दमात लिहीत नाहीत, कारण दुसरा सीपीयू त्याच क्षणी तिथून जात असू शकतो. आधी पहिल्या बाइटवर ब्रेकपॉइंट, मग मागचे चार बाइट, आणि सगळ्यात शेवटी पहिला बाइट. मध्येच कुणी तिथे येऊन आदळलाच तर ब्रेकपॉइंटचा हँडलर त्याला सांभाळून घेतो.

पुढचं काम सरळ आहे. एफट्रेसचा हँडलर साठवलेल्या रजिस्टरांमधला इन्स्ट्रक्शन पॉइंटर (पुढची सूचना कुठे आहे तो पत्ता) बदलून नव्या फंक्शनचा पत्ता ठेवतो. कॉल फंक्शनच्या अगदी सुरुवातीला असल्यामुळे आर्ग्युमेंट अजून रजिस्टरांत जशीच्या तशी असतात, स्टॅकवर (कोणत्या फंक्शनने कुणाला बोलावलं याची नोंद असलेल्या मेमरीत) वरती परतीचा पत्ता असतो. नवं फंक्शन जणू थेट बोलावल्यासारखं चालतं आणि मूळ कॉलरकडेच परततं. जुनं फंक्शन मेमरीत तसंच राहतं, फक्त त्याच्या वाटेला नव्याने कुणी जात नाही. कर्नलच्या सोर्समध्ये यासाठी एक नमुना मॉड्यूल दिलेलं आहे. ते लोड केलं की बूटची कमांड लाइन दाखवणारी प्रॉकमधली (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरमधली) फाइल आपला खरा मजकूर सोडून 'लाइव्ह पॅच झालं आहे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य छापते. आमच्या चाचणी मशीनवर ते पहिल्या फटक्यात चाललं.

हा नमुना बघून बरेच जण समजतात की काम संपलं. फंक्शन वळवणं हा यातला सोपा भाग. खरा प्रश्न हा की कोणत्या टास्कला (चालू प्रोसेसला किंवा थ्रेडला) नवं फंक्शन कधी दाखवायचं. समजा दुरुस्तीत दोन फंक्शनं बदलली आहेत आणि लॉक आता पहिल्याऐवजी दुसऱ्यात घेतला जातो. एखादी टास्क जुन्या पहिल्यातून निघून नव्या दुसऱ्यात शिरली तर तोच लॉक ती दोनदा घेईल आणि जागच्या जागी अडकेल.

या प्रश्नाला आधीपासून वेगवेगळी उत्तरं होती. 2008 मध्ये एमआयटीतून आलेलं केस्प्लाइस (2011 मध्ये ते ओरॅकलने घेतलं) सगळे सीपीयू क्षणभर थांबवून सर्वांचे स्टॅक तपासायचं. 2014 मध्ये रेड हॅटचं केपॅच त्याच वाटेने गेलं. त्याच वर्षी आलेल्या सुसेच्या केग्राफ्टने कुणालाच थांबवलं नाही. प्रत्येक टास्क कर्नलमधून बाहेर पडताना तिला तिच्यापुरतं नव्या बाजूला नेलं. 2015 च्या 4.0 आवृत्तीत केपॅच आणि केग्राफ्ट या दोघांना सामाईक असा पाया मुख्य कर्नलमध्ये आला, पण हा सुरक्षित क्षणाचा प्रश्न त्यात सोडवलेला नव्हता. तो 2017 मध्ये 4.12 त सुटला, दोन्ही कल्पनांची सांगड घालून: टास्क एकेक करून हलवायच्या, आणि झोपलेल्या टास्कचा स्टॅक वाचून बघायचा. बदलायचं फंक्शन स्टॅकवर नसेल तर ती तिथल्या तिथे नव्या बाजूला जाते. मला स्वतःला ही तडजोड फार आवडते. कुणी थांबत नाही, आणि वर्षभर झोपून राहणाऱ्या प्रोसेसचीही वाट बघावी लागत नाही.

अट एकच, स्टॅक खात्रीने वाचता आला पाहिजे. आमचं घोडं इथेच अडलं.

नमुना मॉड्यूल खऱ्या हार्डवेअरच्या मशीनवर लावलं तेव्हा सिसएफएसमधली (कर्नलची स्थिती आणि सेटिंग दाखवणाऱ्या फोल्डरमधली) 'ट्रान्झिशन' फाइल 1 दाखवत राहिली. म्हणजे स्थित्यंतर चालूच. दर सेकंदाला कर्नल उरलेल्या टास्क पुन्हा तपासतं. साधारण दर 15 सेकंदांनी रेंगाळलेल्या प्रोसेसना एक खोटा सिग्नलही देतं, म्हणजे त्या सिस्टिम कॉलमधून बाहेर येतात. तरी आकडा 1 वरून हलेना. प्रत्येक टास्कच्या प्रॉक फोल्डरमध्ये 'पॅच स्टेट' नावाची फाइल असते: उणे 1 म्हणजे स्थित्यंतर चालू नाही, 0 म्हणजे अजून जुन्या बाजूला, 1 म्हणजे नव्या. सगळीकडे 1 होता आणि एकाच केथ्रेडपुढे (कर्नलच्या आतच चालणाऱ्या थ्रेडपुढे) 0. तो थ्रेड स्टोरेज ड्रायव्हरचा निघाला.

त्याच्या स्टॅकवर आमचं फंक्शन असण्याचा संबंधच नव्हता. कारण कळायला लाइव्हपॅचचे डीबग संदेश डायनॅमिक डीबगमधून चालू करावे लागले. एरवी ते लॉगमध्ये येत नाहीत, आणि हे येऊ न देणं मला अजिबात पटलेलं नाही. टास्क एखाद्या फंक्शनवर झोपली असेल तर संदेश तसं सांगतो. आमचा संदेश वेगळा होता: या टास्कचा स्टॅक भरवशाचा नाही.

एक्स86 वर स्टॅक ऑर्क नावाच्या तक्त्यावरून वाचतात. कोडमधल्या कोणत्या पत्त्यावर असताना मागची फ्रेम कुठे सापडेल, हे त्यात लिहिलेलं असतं. बिल्डच्या वेळी ऑब्जटूल हे कर्नलसोबतचं साधन प्रत्येक ऑब्जेक्ट फाइल तपासून तो तक्ता तयार करतं. पुरवठादाराने मात्र ड्रायव्हरचा गाभा सोर्सशिवाय, आधीच कंपाइल करून दिला होता. अशी फाइल बिल्डमध्ये नुसती कॉपी होते, ऑब्जटूलच्या हातात पडतच नाही. थ्रेडचं मुख्य फंक्शन त्याच गाभ्यात, त्यामुळे त्या पत्त्यासाठी तक्त्यात नोंदच नाही. नोंद नसली तर अनवाइंडर (स्टॅक वाचणारा कोड) अंदाजाने पुढे जातो आणि उत्तरावर 'विश्वास ठेवू नका' असा शिक्का मारतो. केथ्रेड यूजर स्पेसमध्ये (कर्नलबाहेर, साधे प्रोग्रॅम चालतात तिथे) कधी जात नाही, त्यामुळे बाहेर पडतानाची वाटही बंद. त्याला सिग्नल देत नाहीत, नुसतं जागं करतात. तो जागा होऊन पुन्हा तिथेच झोपायचा.

सिसएफएसमध्ये 'फोर्स' नावाची फाइलही आहे. तिच्यात 1 लिहिलं की उरलेल्या सगळ्या टास्क झाल्या असं धरलं जातं. एका सहकाऱ्याने तेच सुचवलं. पण मग ते मॉड्यूल पुन्हा काढता येत नाही, आणि दर पॅचला हेच करायचं तर स्टॅक तपासण्याला अर्थ काय उरला? आम्ही ड्रायव्हरच्या मेकफाइलमध्ये एक पायरी वाढवली: गाभ्याची फाइल कॉपी झाल्यावर तिच्यावर ऑब्जटूल स्वतः चालवायचं. हाताने लिहिलेल्या असेंब्लीतल्या एकदोन फंक्शनांवर त्याने कुरकुर केली, पण थ्रेडच्या मुख्य फंक्शनचा तक्ता नीट तयार झाला. त्यानंतर त्याच मशीनवर स्थित्यंतर बघता बघता संपलं.

खरी दुरुस्ती करायची वेळ आली तेव्हा केपॅच-बिल्ड वापरलं. ते कर्नल पॅचशिवाय आणि पॅचसह असं दोनदा बिल्ड करून बदललेली फंक्शनं वेगळी काढतं. आमच्या पॅचमध्ये लांबी तपासणारी एकच ओळ होती, पण बदललेल्यांच्या यादीत भलतीच नावं आली. ती ओळ ज्या छोट्या फंक्शनमध्ये होती, ते कंपायलरने कॉलरांमध्येच विरघळवून टाकलं होतं. स्वतंत्र अस्तित्व नाही तर तोंडाशी नॉप तरी कुठला? बदलायला लागतात ते कॉलरच. हाताने मॉड्यूल लिहिताना हे चटकन निसटतं, म्हणून आता हाताने लिहीत नाही.

स्ट्रक्चरमध्ये नवं फील्ड घालणारी दुरुस्ती शॅडो व्हेरिएबलने (फील्ड वेगळं ठेवून मूळ वस्तूशी जोडून) जमवता येते, पण आमचा नियम असा की तिथे सरळ रीबूट करायचं. जुन्या आकाराच्या वस्तू मेमरीत असताना तो खटाटोप परवडत नाही. प्रत्येक रिलीजचं डीबग माहितीसह बिल्ड, कॉन्फिग, सही करण्याची किल्ली आणि नेमकी तीच कंपायलर आवृत्ती आता जपून ठेवतो. नवा पॅच आधीच्या सगळ्या दुरुस्त्या पोटात घेऊनच येतो, आणि 5.1 पासूनच्या अ‍ॅटॉमिक रिप्लेसमुळे जुन्याची जागा एकदम घेतो. मशीन अचानक रीबूट झालं तर ते जुन्या कर्नलवरच उठतं, म्हणून पॅच लोड करणारी सर्व्हिस नेटवर्कच्या आधी चालते. मॉनिटरिंगमध्ये आता दोन गोष्टी दिसतात: कोणत्या मशीनवर कोणता पॅच आहे, आणि कुठे 'ट्रान्झिशन' ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त 1 वर अडकलं आहे.