दुर्बिणीची नोंद ३: लिहिलंय ४२, मिळाले ३७

मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं: पक्षी बघायला दुर्बीण, बजेट सात हजार, ८×४२ (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं), सरळ नळ्यांचं रूफ प्रिझम, रंगांची किनार कमी करणारी ईडी काच, विषय संपला. तो काही संपला नाही. महिनाभरात एक दुर्बीण परत गेली, तिच्याच मॉडेलची दुसरी आली, तीही गेली. खर्च फक्त रिक्षाचा आणि झोपेचा झाला.

२१ डिसेंबर, घर

खोकं उघडल्यावर गॅलरीत धावायचा मोह आवरला आणि खोलीतले दिवे बंद केले. मोबाईलचा टॉर्च आयपीसच्या (डोळ्याकडच्या भिंगाच्या) हातभर मागे धरला, पुढच्या भिंगाला शाळेतली फुटपट्टी टेकवली आणि बाहेर पडणारं प्रकाशाचं वर्तुळ मोजलं. ३७ मिलिमीटर. दुसरी नळी, तीही ३७. आणि अंगावर सोनेरी अक्षरांत ४२! आत प्रिझम लहान बसवलंय, नाहीतर गोल रिंग बसवून भिंगाची खराब कड झाकलीय. उजेडाचा हिशोब क्षेत्रफळावर चालतो. ३७ चा वर्ग भागिले ४२ चा वर्ग केलं की साधारण ७८ टक्के येतात. म्हणजे २२ टक्के उजेडाचे पैसे मी फुकट मोजले.

मग ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पुढच्या भिंगात पाहिलं. हिरवी, जांभळी प्रतिबिंबं दिसली आणि त्यांच्यामागे एक लख्ख पांढरं. पांढरं दिसलं की समजायचं, आत कुठल्या तरी काचेला कोटिंगच नाही. कोरी काच प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के उजेड परत फेकते. नळीत असे बारा पृष्ठभाग कोरे असते तर डोळ्यापर्यंत जेमतेम ६१ टक्के पोचला असता. ‘मल्टिकोटेड’ (काही पृष्ठभागांना अनेक थरांचं कोटिंग) आणि ‘फुली मल्टिकोटेड’ (सगळ्यांना) यांतल्या ‘फुली’कडे मी आजवर जाहिरातीतला शब्द म्हणूनच बघत होतो.

२२ डिसेंबर, सोसायटीचं पार्किंग

काकांकडून त्यांची तीस-पस्तीस हजारांची ८×४२ दोन आठवड्यांसाठी मागून आणली. (देताना ते तीनदा म्हणाले, “पट्टा गळ्यात घाल आधी.”) बारा मीटरवर खांबाला कालनिर्णय टांगलं. दुर्बीण हातात धरली तर थरथरीत सगळा फरक बुडतो, म्हणून दोन्ही दुर्बिणी तांदळाच्या पिशवीवर टेकवून पाहिल्या. भर दुपारी संकष्टीच्या चंद्रोदयाची बारीक वेळ दोन्हींतून वाचता आली. मी खूश. काकांना फोन केला तर म्हणाले, “अरे, दुपारी बाराला सगळ्याच दुर्बिणी चांगल्या असतात. ऊन उतरू दे, मग बोल.”

त्याच दिवशी डोकं दुखायला लागलं. दहा मिनिटं पाहिलं की भुवयांच्या मध्ये ताण यायचा. विजेच्या आडव्या तारेवर नजर लावून दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब नेली, तर डाव्या वर्तुळातली तार उजवीपेक्षा चक्क एक पायरी वर. दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. डोळे बिचारे ओढाताण करून दोन चित्रं एकावर एक बसवतात आणि आपण चष्म्याच्या नंबरला दोष देतो. दुसऱ्याच दिवशी परत पाठवली. बदली आलेल्या नगात तार सरळ होती. फुटपट्टीवर मात्र पुन्हा ३७. नळ्यांची जुळणी नगागणिक वेगळी निघू शकते, आतलं लहान प्रिझम किंवा रिंग मात्र मॉडेलचीच असते. त्यामुळे स्वस्तातल्या दुर्बिणीबद्दल दुसऱ्याचा अनुभव मी आता अर्धाच मानतो.

४ जानेवारी, पुण्याजवळचा कवडी पाट

पहाटेच्या धुक्यात काही कळलं नाही, खरी मजा संध्याकाळी. तारेवर कोतवाल बसला होता, मागे पांढरं आकाश. काळा पक्षी आणि पांढरं आकाश म्हणजे भिंगाची तोंडी परीक्षा. माझ्या ‘ईडी’तून त्याच्या शेपटीला एका बाजूने जांभळी आणि दुसऱ्या बाजूने पोपटी किनार, पैठणीसारखी. काकांच्या दुर्बिणीतही कडेला किनार होतीच, मधोमध मात्र नाही. पण खरं सांगू? किनारीने पक्षी ओळखायचं अडत नाही. मला नडलं ते दुसरंच.

सूर्य खाली आला आणि मी त्याच्या जरा बाजूच्या दगडांकडे वळलो, तर माझ्या दुर्बिणीत सगळीकडे ताक ओतल्यासारखं पांढुरकं झालं. डोळा थोडा मागे घेऊन आयपीसमध्ये पाहिलं: उजेडाच्या गोल टिकलीभोवती नळीच्या आतली भिंत चंद्रकोरीसारखी चमकत होती. आत काळा मॅट रंग धड नाही, आडोसे नाहीत. ढोकरी बगळा तपकिरी, दगड तपकिरी. तो पक्षी सहा बत्तीसनंतर मला दगडातून वेगळा काढता येईना. काकांच्या दुर्बिणीत सहा बेचाळीसपर्यंत तो मान आखडून उभा दिसत होता. दहा मिनिटं. पण कवडी पाटावर पक्षी रात्रीच्या जागेकडे निघतात ती हीच दहा मिनिटं.

११ जानेवारी

बाजारात हात फिरवून शेवटी पोरो प्रिझमची (जुन्या घाटाची, नळ्या मधे वळलेल्या) ८×४० घेतली, सात हजारांच्या आत. दिसायला आजोबांची, खांदे रुंद. पण या पैशांत तिचं गणित सरळ आहे. रूफ प्रिझमच्या नेहमीच्या रचनेत एका पृष्ठभागाला आरशासारखा लेप लागतो. तो साध्या अ‍ॅल्युमिनियमचा असला तर तिथेच दहाएक टक्के उजेड जातो. शिवाय बारीक पिसांचा ठसठशीतपणा टिकवायला फेज कोटिंग लागतं. ते झाइसने १९८८ मध्ये आणलं, आणि स्वस्त रूफमध्ये बहुतेकदा त्यालाच कात्री लागते. चांगल्या काचेच्या पोरोला या दोन्हींची गरजच नाही. हातभर लांब धरून भिंतीकडे पाहिलं तर टिकली पूर्ण गोल. स्वस्त बीके-७ काचेच्या प्रिझममध्ये ती चौकोनी कातरल्यासारखी दिसते. फुटपट्टीवर पूर्ण ४०, तार सरळ. कडेचं चित्र पसरट आहे, ते मी चालवून घेतलं.

तोटा एकच, आणि आपल्याकडे तो मोठा: फोकस फिरवला की आयपीसचा पूल पुढेमागे सरकतो, त्यामुळे आत हवा जाते. आत बाष्प धरू नये म्हणून भरतात तो नायट्रोजन-बियट्रोजन काही नाही. माझ्या आधीच्या दुर्बिणीत बुरशीची जाळी दोन पावसाळ्यांत धरली होती. म्हणून घट्ट झाकणाचा डबा, तळाला सिलिका जेल, आत शंभर रुपयांचं आर्द्रतामापक. काटा सध्या ४५ टक्क्यांवर आहे. डबा फडताळात ठेवलाय आणि त्यावर बायकोने चिठ्ठी चिकटवली आहे: ‘यात पापड नाहीत’.