कंपालात औषधांचे पैसे कोण देतो?

लुझिरा हे कंपालाचे पूर्वेकडील उपनगर आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावरील पोर्ट बेलचा धक्का आणि देशातील कमाल सुरक्षेचा तुरुंग या दोन गोष्टींसाठी ते ओळखले जाते. परंतु मी तेथे गेलो तो एक औषध कारखाना पाहण्यासाठी. युगांडातील औषधनिर्मितीत पैसा गुंतवावा का, हा प्रश्न घेऊन मी या प्रवासाला निघालो होतो आणि त्याचे उत्तर शोधण्याची सुरुवात लुझिरापासूनच करणे मला योग्य वाटले.

या कारखान्याचा आपल्याकडच्या मातीशी थेट संबंध आहे. पाताळगंगा आणि कुरकुंभमुळे आपल्या परिचयाच्या असलेल्या मुंबईच्या सिप्लाने २००१ साली एचआयव्हीवरील तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला होता. तोपर्यंत त्याच उपचाराला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे. पुढे २००५ मध्ये सिप्ला आणि युगांडातील भागीदारांनी मिळून लुझिराच्या प्रकल्पाची पायाभरणी केली आणि २००७ मध्ये तो उभा राहिला. एचआयव्हीवरील आणि मलेरियावरील गोळ्या हे त्याचे मुख्य उत्पादन. युगांडासारख्या अतिअविकसित देशांना औषधांची पेटंटे न पाळण्याची जागतिक व्यापार संघटनेने दिलेली सवलत २०३३ च्या आरंभापर्यंत कायम असल्यामुळे कायद्याची वाटही मोकळी होती. एवढे सगळे अनुकूल असताना सिप्लाने २०२३ मध्ये आपला ५१.१८ टक्के हिस्सा आफ्रिकेतील एका गुंतवणूक संस्थेला विकला. कारखाना सुरूच आहे. केवळ नावातून ‘सिप्ला’ गेले आहे.

या कंपनीचा ताळेबंद वाचताना मला जे कळले नव्हते, ते कंपालात फिरताना कळले. युगांडात एचआयव्हीबाधितांची संख्या चौदा-पंधरा लाखांच्या घरात आहे, तरीही त्यांच्यापैकी औषधाचे पैसे स्वतःच्या खिशातून देणारे अगदी थोडे. पैसे येतात ते एचआयव्ही, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्धच्या जागतिक निधीकडून (ग्लोबल फंड), अमेरिकेच्या मदतीतून आणि सरकारी तिजोरीतून. त्यामुळे कारखान्याचे गिऱ्हाईक म्हणजे लाखो रुग्ण नव्हेत, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या संस्था आहेत. त्यांपैकी एकीने हात आखडता घेतला की यंत्रे थंडावतात. झांबियाच्या सरकारकडील येणे थकल्याचा फटका या कंपनीला शेअर बाजारात आल्यानंतर वर्षभरातच बसला होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली, तेव्हा तर हा धोका साऱ्या जगाला दिसला. माणसाचा जीव ज्या गोळीवर अवलंबून आहे, तिचा पुरवठा दूरच्या राजधानीतील एका सहीने थांबू शकतो, याचे मला गुंतवणूकदार म्हणून जेवढे भय वाटले, त्याहून अधिक माणूस म्हणून दुःख झाले.

विल्यम स्ट्रीट हा शहराच्या मध्यभागातील औषधांचा ठोक बाजार आहे. अरुंद जिने, एकावर एक रचलेली खोकी आणि त्यांवर अहमदाबाद, मुंबई, गोवा असे परिचित पत्ते. येथे मात्र रोखीचा व्यवहार चालतो. सरकारी रुग्णालयांतील सर्वसाधारण सेवा २००१ पासून मोफत आहेत आणि तेथील औषधांवर ती विक्रीसाठी नसल्याचा शिक्काही असतो. पण साठा संपला की रुग्णाला चिठ्ठी घेऊन दुकान गाठावे लागते. राष्ट्रीय आरोग्य विम्याचे विधेयक संसदेने २०२१ मध्ये संमत केले, तरी विमा अजून प्रत्यक्षात आलेला नाही. एका दुकानातील औषधविक्रेत्या ताईंनी मला सांगितले की प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स एकदम विकत घेणारे गिऱ्हाईक विरळा. दोन दिवसांच्या गोळ्या न्यायच्या आणि पैसे जमले तर पुन्हा यायचे. ही मागणी खरी आहे, पण ती दुर्बळ आहे, आणि बाजाराचा आकार लोकसंख्येवरून मोजणाऱ्याने ही दुकाने आधी पाहावीत असे मला कळकळीने वाटते. २०२४ च्या जनगणनेतील साडेचार कोटींहून अधिक लोक म्हणजे तितकेच ग्राहक नव्हेत.

मुकोनोच्या रस्त्याला लागल्यावर माझा विचार वेगळ्या दिशेने गेला. या भागात अबॅकस पॅरेंटरल ड्रग्ज ही कंपनी सलाइन तयार करते. मोंबासा बंदरापासून कंपाला सुमारे ११५० किलोमीटर दूर आहे आणि तेथून येणारा माल ट्रकने सीमा ओलांडून येतो. एचआयव्हीच्या गोळ्या हलक्या आणि मोलाच्या असल्याने त्यांना हा प्रवास परवडतो. सलाइनच्या बाटलीत मात्र मुख्यतः पाणीच असते. ती जड आणि स्वस्त असल्यामुळे वाहतुकीचाच बोजा तिच्यावर मोठा पडतो. म्हणजे येथे समुद्रापासूनचे अंतर हेच स्थानिक कारखान्याचे संरक्षण ठरते. त्याशिवाय, देशात पुरेशी बनणाऱ्या काही औषधांच्या आयातीवरील पडताळणी शुल्क औषध नियामकाने २ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर नेले आहे. शुल्क उद्या बदलू शकेल. अंतर बदलणार नाही.

लशींबाबतही हाच विचार लावून पाहिला. एप्रिल २०२५ मध्ये युगांडाने अपाक जिल्ह्यातून बालकांना मलेरियाची आर-२१ लस देण्यास आरंभ केला. ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. जगातील सुमारे पाच टक्के मलेरियाग्रस्त ज्या देशात आहेत, तेथे पुण्याची लस पोहोचते याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु गोळ्यांप्रमाणेच हलकी असल्याने तिला अंतराचे संरक्षण नाही, म्हणून तिचे उत्पादन लहान प्रमाणात युगांडात करणे आज व्यवहार्य होईल असे मला वाटत नाही.

लुझिराच्या कंपनीचे शेअर मी घेतलेले नाहीत. सलाइन, निर्जंतुक पाणी आणि जखमेच्या पट्ट्या यांसारख्या जड किंवा जागा व्यापणाऱ्या वस्तूंच्या निर्मितीत छोटा हिस्सा घेता येईल का, याची चौकशी सध्या चालू आहे. त्यातही माझा पहिला प्रश्न यंत्रांच्या किमतीचा नसून, रुग्णालये बिल किती महिन्यांनी चुकते करतात हाच आहे.