तुम्ही विचारलंत म्हणून: विश्वासात वाढ होतेय हे ओळखायचं कसं?

दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी स्वतः विश्वास कबूल करण्याआधीचा, वर्ग संपत आला की मुलं हे विचारतातच. प्रार्थनासभेनंतर चपला शोधता शोधता बायकाही विचारतात: "बाई, बाप्तिस्मा होऊन इतकी वर्षं झाली. रोज वचन वाचतो, उपास करतो. तरी आपण विश्वासात वाढतोय की आहे तिथेच आहोत, हे कळायचं कसं?" दारात उभ्याउभ्या द्यावं असं याचं उत्तर नाही, म्हणून लिहायला बसले.

करिंथ या ग्रीक शहरातली सुरुवातीची ख्रिस्ती मंडळी बघा. कृपादानांत, म्हणजे देवाने दिलेल्या देणग्यांत, तुम्ही कशातही उणे नाही, असं प्रेषित पौल त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सुरुवातीलाच सांगतो. आत्म्याने बोलायला लावलेल्या अन्य भाषा होत्या, देवाकडचे संदेश होते, ज्ञान होतं. आणि त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो त्यांना बाळकं म्हणतो! का, तर त्यांच्यात हेवा आणि तंटे होते. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत एका भाकरीत भागी व्हायला, जमल्यावर काही जण आधीच जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. प्रार्थना किती लांब, वचनं किती पाठ, डोळ्यांना पाणी किती येतं, यावरून वाढ मोजायची आपल्याला सवय लागली आहे. पौल मात्र पंगतीकडे बघतो, आणि मला वाटतं आपणही आधी तिथेच बघावं.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण मी वर्गात दरवर्षी सांगते. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहायला आल्या, पण सोवळं सोडलं नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग एकदा त्यांच्या मनाने प्रश्न धरला: जाती केल्या कुणी, देवाने की माणसाने? विचार करता करता उत्तर मिळालं, आणि यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. बाप्तिस्मा त्यानंतर झाला, टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पाचेक वर्षांनी. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. विधी व्हायच्या आधीच त्यांच्या आयुष्यात फळ दिसू लागलं होतं.

आपलं मात्र पुष्कळदा उलटं होतं. पिढ्यान्‌पिढ्या बाप्तिस्मा झालेली घरं, एका भाकरीत भागी होणारी माणसं, आणि सोयरीक जुळवायची वेळ आली की हळूच विचारणा होते, "मूळचे कोण हे?" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकते आणि मला त्याचं अतोनात दुःख होतं. शास्त्र तोंडपाठ असलेला माणूस हा प्रश्न विचारतो, तेव्हा त्याची वाढ कुठे थांबली आहे ते मला कळतं.

मग वाढायचं कसं? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात दूध आणि जड अन्न यांचा दाखला आहे. जड अन्न प्रौढांसाठी, आणि प्रौढ कोण, तर चांगलं-वाईट ओळखायचा ज्यांना सराव झाला आहे ते. सराव म्हटला की वेळ लागणार, कंटाळा येणार, आणि मन तयार नसतानाही हात-पाय हलवावे लागणार.

आमच्या मंडळीत एक आजी आहेत. मोठ्याने प्रार्थना करायला त्या कधी उठत नाहीत. त्यांचं आणि त्यांच्या धाकट्या जावेचं बांधावरून जुनं वैर. जाऊ अंथरुणाला खिळली, तेव्हापासून आजी रोज मऊ भाताचा डबा घेऊन जायच्या. उंबऱ्याशी डबा ठेवायच्या, कालचा रिकामा उचलायच्या. एकदा मी म्हटलं, "आजी, मन निवळलं म्हणायचं." त्या म्हणाल्या, "राग नाही गेला गं अजून. पण डबा चुकवत नाही." इब्रीकरांच्या पत्रावर मी याहून चांगलं भाष्य ऐकलेलं नाही.

वर्षांची मोजदाद करून घाबरू नका, हेही सांगते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे आठ वर्षांनी उमगलं, असं त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत सांगितलं आहे. एवढ्या मोठ्या विदुषीला जर इतका काळ लागला, तर तुम्ही का हिरमुसता?

आणि एकदा वाढलो की संपलं, असंही नाही. येशूचा शिष्य पेत्र यापो गावात शिमोन चांभाराच्या घरी उतरला होता. तिथे त्याला दृष्टांत झाला, तीनदा: यहुदी निषिद्ध मानत ते प्राणी भरलेली चादर आकाशातून उतरते आणि खा असं सांगणं होतं. देवाने शुद्ध केलेलं तू निषिद्ध मानू नकोस, हे कळल्यावर तो कैसरियाला परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, कर्नेल्याच्या घरात गेला. तोच पेत्र पुढे अंत्युखियात परराष्ट्रीय भावांबरोबर जेवत होता, आणि यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली तेव्हा लोकांच्या भीतीने पंगतीतून बाजूला झाला. त्याचं बघून पौलाचा सोबती बर्णबासुद्धा वाहवला. पौलाने सर्वांसमोर, तोंडावर पेत्राला दोष दिला. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय एकदा सावकाश वाचा.

पेत्राने त्या क्षणी काय उत्तर दिलं, ते तिथे लिहिलेलं नाही. पण पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, सगळ्या मंडळीदेखत खडसावणाऱ्या त्याच माणसाचा उल्लेख "आपला प्रिय बंधू पौल" असा येतो. आध्यात्मिक प्रौढपणा म्हणजे काय असं कुणी मला एका ओळीत दाखवायला सांगितलं, तर मी हीच ओळ दाखवीन.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा वळवून तुम्हालाच विचारते. तुमची पंगत चुकली तर तोंडावर सांगेल असं घरात किंवा मंडळीत कोण आहे? आई, नवरा, शब्बाथशाळेतली (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली) सोबतीण, कुणीही. तुमची वाढ किती झाली ते त्यांना विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत मध्ये बोलू नका.