शोकगीतांच्या गावचा राजदूत

घानाची राजधानी अक्रा. तिथल्या टुडू स्टँडवर समुद्रकाठच्या केटा गावाकडे जाणारी ट्रोट्रो, म्हणजे शेअर व्हॅन, लागलेली असते, पण शेवटची सीट भरल्याशिवाय ती हलत नाही. वेळापत्रक विचारलं तर ड्रायव्हर हसतो. व्होल्टा नदीवर सोगाकोपेचा पूल आला की गाडी हळू होते आणि खिडक्यांना पराती येऊन भिडतात: गोडसर पाव, मक्याचं वाफवलेलं आबोलो आणि तळलेले चिमुकले मासे. या माशांना इथे ‘वन मॅन थाउजंड’ म्हणतात, एका माणसाला हजार! पुडी घ्यायची, वर शिटो नावाची काळपट तिखट चटणी घालायची आणि डोक्यासकट चावून खायचे. केट्यापर्यंत माझी पुडी काही पुरली नाही.

या बाजूला यायचं कारण घानाचे कवी कोफी अवूनोर. १९३५ मध्ये व्हेटा गावात जन्म, तेव्हाचं नाव जॉर्ज अवूनोर-विल्यम्स. पहिला कवितासंग्रह १९६४ चा. पुढे अमेरिकेत पीएच.डी. आणि प्राध्यापकी, मग मायदेशी परत, आणि आल्या आल्या तुरुंग. नंतर ब्राझीलमध्ये आणि क्युबात राजदूत, १९९० ते १९९४ संयुक्त राष्ट्रांत घानाचे कायम प्रतिनिधी, आणि उतारवयात राष्ट्राध्यक्षांना सल्ला देणाऱ्या ‘कौन्सिल ऑफ स्टेट’चे अध्यक्ष. त्यांच्याविषयी वाचताना एक हळहळ पुन्हा पुन्हा भेटते: चांगला कवी होता, राजकारणात वाया गेला. मला ती आधीपासूनच पटत नव्हती, इथे आल्यावर तर मुळीच पटेना.

आन्लोगा ते केटा हा रस्ता म्हणजे वाळूची एक चिंचोळी पट्टी. एका हाताला अटलांटिक, दुसऱ्या हाताला खाडीसारखं पसरलेलं केटा लगून. मधल्या वाळूत छोट्या छोट्या कांद्यांचे वाफे, इतके आखीव की कुणी दोरी धरून काढलेत असं वाटावं. दोन वाफ्यांमध्ये जेमतेम पाऊल मावतं. एक बाई विहिरीवरून पाणी आणून झारीने शिंपत होती. जमीन इतकी थोडी आहे की वीतभरही मोकळी सोडलेली दिसत नाही. एका ताडावर सुगरणींची वसाहत होती. पक्ष्यांनी झावळ्या सोलून नुसत्या शिरा ठेवल्या होत्या. शाळेत आपल्याला सुगरण भेटते ती गुणी, कष्टाळू म्हणून. अवूनोर यांच्या प्रसिद्ध कवितेतली सुगरण मात्र आगंतुक आहे. ती आपल्या घरात घरटं बांधते, आपल्याच एकुलत्या झाडावर अंडी घालते आणि मग घरावर हक्क सांगते. म्हणजे गोरा साहेब. तो बोडका ताड पाहिल्यावर कवितेतला राग समजावून सांगायला कुणी लागत नाही.

हा आन्लो-एवे लोकांचा मुलूख. इथे कवी म्हणजे कोपऱ्यात बसून लिहिणारा माणूस नव्हे. अवूनोर यांची आजी शोकगीतं गायची. अक्पालू हा इथला शोकगीतांचा थोर कवी, आणि त्याच्या रचनांचा ठसा अवूनोर यांच्या सुरुवातीच्या कवितांवर स्पष्ट दिसतो. शिवाय ‘हालो’ नावाचा प्रकार होता: दोन वस्त्या समोरासमोर उभ्या राहून गाण्यांतून एकमेकांची उणीदुणी काढायच्या. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आठवा, फक्त अध्यात्म काढून टाका आणि शिव्या वाढवा. प्रकरण इतकं हातघाईवर यायचं की पुढे सरकारने त्यावर बंदी आणली. अशा गावचा कवी चारचौघांच्या भांडणात पडला नसता तरच नवल.

तुरुंगाचं प्रकरण मात्र साधं नाही. १९७५ मध्ये ते केप कोस्ट विद्यापीठात शिकवायला परतले, आणि लष्करी सरकारविरुद्ध कटाचा आरोप असलेल्या एका अधिकाऱ्याला मदत केली म्हणून काही महिन्यांतच पकडले गेले. खटल्याशिवाय कितीतरी महिने कोठडीत. अक्राचा अशर फोर्ट मी आदल्या दिवशी पाहिला होता. मूळ डच किल्ला, नंतर तुरुंग, आता संग्रहालय. पोपडे निघालेल्या भिंती, हाताला चिकटणारी खारी ओल, आणि लाटांचा आवाज इतका जवळ की समुद्र भिंतीपलीकडेच असावा. तुरुंगातल्या कवितांचा संग्रह १९७८ मध्ये आला. त्याच्या नावात समुद्राकाठचं घर आहे.

आणि लष्कराने कोंडलेला हाच माणूस पुढे लष्करातूनच सत्तेवर आलेल्या जेरी रॉलिंग्ज यांचा राजदूत झाला, १९८४ मध्ये त्या ‘क्रांती’च्या समर्थनाचं पुस्तकही लिहून मोकळा झाला. केट्याच्या अलीकडे झेलुकोपे लागतं. ते रॉलिंग्ज यांच्या आईचं गाव. त्यामुळे ‘आपल्या माणसाची बाजू घेतली’ हा आरोप होणारच. शेजारच्या सीटवरच्या निवृत्त मास्तरांना मी हे विचारलं. ते म्हणाले, “मग काय, दुसऱ्यांच्या माणसांनी राज्य करायचं आणि आम्ही फक्त मयताला गायचं?” मागच्या सीटवरून एका तरुणाने लगेच तोंड घातलं, की त्या काळात माणसं नाहीशी झाली, न्यायाधीश मारले गेले, त्यांच्यासाठी कोण गायलं? पुढचा सगळा वाद एवे भाषेत झाला. मला त्यातलं फक्त ‘रॉलिंग्ज’ कळत होतं. माझं मत तरुणाच्या बाजूने झुकतं.

केट्याचा फोर्ट प्रिन्झेनस्टाइन डेन लोकांनी १७८४ मध्ये बांधला. गुलामांच्या कोठड्या होत्या इथे. अर्धा किल्ला समुद्राने गिळलाय, आणि जुन्या केटा गावाच्या पुष्कळ भागाचीही तीच गत झाली. वाटाड्याने जिथे घरांच्या गल्ल्या दाखवल्या तिथे नुसतं पाणी होतं. ब्राझीलमध्ये राजदूत म्हणून गेलेल्या अवूनोर यांना तिथल्या काळ्या वस्त्या परक्या का वाटल्या नसतील, ते या कोठड्यांत उभं राहिलं की कळतं. त्या वर्षांतल्या कविता १९९२ च्या संग्रहात आहेत, ज्याच्या नावातच लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनची ‘वही’ आहे. खुर्चीने कवी संपवला म्हणणाऱ्यांनी ती वही उघडलेली नसावी.

२१ सप्टेंबर २०१३ ला नैरोबीच्या वेस्टगेट मॉलवर अतिरेक्यांनी हल्ला केला, त्यात ते गेले. वय ७८. साहित्य महोत्सवासाठी गेले होते, कुठल्या सरकारी कामासाठी नाही. त्यांच्या निवडक कवितांचं मोठं पुस्तक पुढच्याच वर्षी आलं.

वाचायला घ्यायचं असेल तर त्या जाडजूड पुस्तकापासून सुरुवात करू नका. आधी तुरुंगातल्या कविता, मग ब्राझीलची वही. १९८४ चं राजकीय पुस्तक सगळ्यात शेवटी, आणि तेही वेळ असेल तरच.