दारूची ओपीडी, फर्स्ट शिफ्ट आणि एक शिक्का : माझा अनुभव

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर आहे, राहायला सिडकोत. दारू सोडून आता चौदा महिने झाले. ॲडमिट न होता, नोकरी चालू ठेवून, दर बुधवारी ओपीडीला जाऊन सोडली. खूप जण विचारतात की कामावर असताना हे जमतं का. जमतं. पण मला सगळ्यात जास्त त्रास दारूने नाही दिला, एका कागदाने दिला आणि तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

सुरुवात थोडक्यात सांगतो. सकाळी सातच्या शिफ्टला व्हर्निअर धरला की हात थरथरायचा, रीडिंग दोनदा घ्यायला लागायचं. एकदा आमच्या इन्चार्जने माझ्या हातातून व्हर्निअर काढून घेतला, स्वतः माप घेतलं आणि काहीच बोलला नाही. त्या रात्री मिसेसला सांगितलं की डॉक्टरकडे जाऊ. शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात मानसोपचारच्या ओपीडीत गेलो, केसपेपर काढला, रक्त तपासलं, लिव्हरची टेस्ट झाली, डॉक्टर चांगले भेटले. एक गोष्ट इथेच सांगतो, रोज पिणाऱ्याने आपल्या मनाने एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवावर बेततं. मला पहिल्या दिवसांत शरीर शांत करायच्या गोळ्या आणि थायमिन म्हणजे बी-१ व्हिटॅमिन दिलं होतं, त्या गोळ्यांनी गुंगी येते म्हणून मशीनवर उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दहा दिवस रजा टाकली, घरी झोपून काढले. तो भाग झाला.

मग डायसल्फिरम सुरू झालं, म्हणजे जिच्यावर दारू प्यायली तर त्रास होतो ती गोळी, आणि दर बुधवारी सकाळी तपासणी. गोळ्या आठवड्याच्याच मिळायच्या, म्हणजे बुधवार चुकवायचा नाही. आणि माझी फर्स्ट शिफ्ट सात ते साडेतीन, ओपीडी दुपारी एकला बंद. म्हणून मी ऑफिसला अर्ज दिला की बुधवारी मला सेकंड शिफ्ट द्या. ऑफिसमधल्या साहेबांनी सांगितलं, रुग्णालयाचं लेटर आण, लेटरहेडवर, शिक्का मारलेलं. मला वाटलं एका दिवसाचं काम आहे. सव्वा महिना गेला.

पहिल्या बुधवारी डॉक्टरांनी लगेच लिहून दिलं, पण शिक्का ज्या खिडकीवर मारतात ती दुपारी दोनला उघडते. ओपीडी एकला संपते, खिडकी दोनला उघडते, मधला तास बाकड्यावर बसायचं. बसलो. अडीचला कळलं की क्लार्क रजेवर आहेत. दुसऱ्याने मारला तर चालत नाही का विचारलं तर म्हणे रजिस्टर त्यांच्या कपाटात आहे. माझी एक पूर्ण रजा गेली. दुसऱ्या बुधवारी क्लार्क होते, त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले यावर विभागप्रमुखांची सही लागते, नुसती ओपीडीच्या डॉक्टरांची चालत नाही. हे पहिल्या दिवशी कुठे लिहिलेलं होतं? कुठेच नाही. मोठे डॉक्टर त्या दिवशी कोर्टात साक्षीला गेलेले. अजून एक रजा. तिसऱ्या बुधवारी तर मी गेलोच नाही, कारण रजा उरल्या नव्हत्या आणि बिनपगारी टाकली असती तर घराचा हप्ता अडकला असता. त्या आठवड्यात गोळ्या संपल्या. चार दिवस गोळीशिवाय काढले.

हे चार दिवस मी विसरणार नाही. साडेतीनला शिफ्ट सुटते, गेटबाहेर पडलं की कोपऱ्यावर दुकान, तिथे आमच्याच लाईनची पोरं उभी, हाक मारणार, काय भो, दिसत नाहीस. मला फक्त डॉक्टरांचं एक वाक्य आठवत होतं, गोळी बंद केली तरी तिचा असर १४ दिवसांपर्यंत राहू शकतो, त्यात प्यायलास तर चेहरा लाल होईल, छाती धडधडेल, उलट्या होतील, प्रेशर पडेल. त्या वाक्याच्या आधारावर मी गाडी न थांबवता त्रिमूर्ती चौकापर्यंत आलो. चारही दिवस. आणि हे सगळं का, तर एक शिक्का मिळाला नाही म्हणून. दारू सोडणाऱ्या माणसाला रजा आणि गोळ्या यातून एक निवडायला लावणं बरोबर नाही, हे मी आजही कोणालाही तोंडावर सांगेन.

चौथ्या बुधवारी बिनपगारी रजा टाकून गेलो, सही मिळाली, जांभळा शिक्का मिळाला, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवला. कंपनीच्या गेटवर येऊन नीट वाचला तर त्यात आजाराचं नाव मोठ्या अक्षरात, मद्य अवलंबित्व. आमच्याकडे असा कागद टाइमकीपरच्या टेबलावरून जातो, तिथे चार जण चहा पित बसलेले असतात. मी तो दिला नाही. गेटवरून परत फिरलो.

पाचव्या वेळी मी ओपीडीतल्या समाजसेवा अधीक्षक मॅडमकडे गेलो आणि खरं सांगतो, मला रडू आलं. त्यांनी पाणी दिलं, मग म्हणाल्या, दादा, हे नाव लिहायची गरजच नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे आजार पण येतात आणि कलम २३ प्रमाणे तुमच्या उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा तुम्हाला हक्क आहे. त्यांनी डॉक्टरांकडून नवीन लेटर लिहून घेतलं. दोनच ओळी : सदर रुग्ण या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात उपचार घेत असून दर बुधवारी सकाळी तपासणीस हजर राहणे आवश्यक आहे. सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं त्याच दिवशी, कारण मॅडम स्वतः खिडकीवर माझ्यासोबत आल्या. ऑफिसने एक प्रश्न न विचारता बुधवारची सेकंड शिफ्ट दिली.

म्हणून सांगतो, पहिल्याच दिवशी केसपेपर काढल्यावर समाजसेवा विभागात जा. लेटर कोण लिहितो, सही कोणाची, शिक्का कधी, हे तिथेच विचारा, आजाराचं नाव नको असं आधीच सांगा, आणि झेरॉक्स दोन काढून ठेवा. ज्यांचं ईएसआयसी कापलं जातं त्यांनी आजारपणाच्या रजेचं विचारा, वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के पैसे मिळतात, मला ते लागू नव्हतं. सेकंड शिफ्टचा एक फायदा मला नंतर कळला, संध्याकाळी सहा ते नऊ ही जी सगळ्यात वाईट वेळ असते ती मशीनवर जाते आणि रात्री बाराला सुटलो की दुकानं बंद.

अजून एक राहिलं, डायसल्फिरम चालू असताना खोकल्याचं औषध घेताना मेडिकलवाल्याला विचारा, काहींमध्ये अल्कोहोल असतं. आणि बायकांनो, आईंनो, ही गोळी त्याला न सांगता भाजीत घालू नका. त्याने वरून दारू प्यायली तर जीव जाऊ शकतो. माझी मिसेस रोज सकाळी समोर बसून द्यायची, मला माहीत असायचं, मी स्वतः हात पुढे करायचो. ज्यांना जायची लाज वाटते त्यांनी आधी १४४४६ ला फोन करावा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन आहे, पैसे लागत नाहीत.

लेटरची मुदत सहा महिन्यांची असते. मागच्या महिन्यात परत नवीन करायला गेलो, खिडकीवर तेच क्लार्क. माझ्या मागे एक पोरगा उभा होता, विशीतला, हातात केसपेपर, कंपनीचा शर्ट अंगात, घड्याळात बघत होता. मी त्याला रांगेतून बाहेर काढलं आणि आधी मॅडमकडे घेऊन गेलो.