चिमणी बघायला गेलो

आज तिसरीच्या मुलांना घेऊन लोअर परळमध्ये फिरले. "चिमणी दाखवते" म्हटलं, तर सगळे झाडांकडे बघायला लागले! मग फिनिक्स मॉलमधली ती उंच विटांची चिमणी दाखवली. हा मॉल म्हणजे आधी कापडगिरणी होती, हे त्यांना पटेचना.

सोबत एका मुलीचे आजोबा आले होते, गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात, काम केलेले. भोंगा कसा वाजायचा ते त्यांनी तोंडाने वाजवून दाखवलं. एका खोलीत पंधरा-वीस जण कसे राहायचे? एक पाळी कामाला गेली की दुसरी तिथेच झोपायची. जेवण खानावळीतल्या मावशींकडे. मुलं अगदी गप्प ऐकत होती.

"मग गिरणी बंद का झाली?" १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या सगळ्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, एवढं मी सांगितलं. पुढचं आठ वर्षांच्या मुलांना कसं सांगायचं? आजोबा फक्त म्हणाले, "आम्ही परत आत गेलोच नाही, बाळा."

परतताना एकाने विचारलं, "बाई, आमची चाळपण पाडणारेत. तिचं चित्र काढून ठेवू?"

उद्या सगळे आपापल्या घराचं चित्र काढणार आहेत. खडू मी आणतेय.